नववी उठाबशी

मला गार्डसाहेबांची लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलंच बोलावं अशी रीत आहे, आणि मी बोलणारच आहे. पण अंबाजोगाईच्या बसस्टँडवर, ऐन बाजाराच्या दिवशी, हा माणूस लांबून "ओ म्याडम!" अशी आरोळी ठोकायचा आणि तोंडभर हसायचा. सगळे दात काळेकुळकुळीत. मग मी चटकन शेजारच्या रसवंतीकडे वळायचे आणि रस कसा दिला म्हणून विचारायचे. उसाचा रस मला आवडतसुद्धा नाही.

दात काळे, कारण ते कोळसा खायचे.

खायचे म्हणजे पोटासाठी नव्हे, चावून बघायचे. कोळसा भाजायच्या खड्ड्यातून काढलेला तुकडा दुसऱ्या तुकड्यावर वाजवायचा, कानाशी न्यायचा, मग दाढेखाली धरून कडकन फोडायचा आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. "भाजलाय." किंवा, "कच्चा हाय, धूर लागतोय जिभंला." समोर गावातले बागायतदार बसलेले, मी मोठ्या कष्टानं भिंतीवर पडदा लावून मातीच्या आरोग्याची चित्रं दाखवतेय, आणि आमच्या संस्थेचे तज्ज्ञ मार्गदर्शक खुर्चीत बसून कोळसा चावतायत. लोक पडद्याकडे कशाला बघतील? सगळी सभा त्यांच्या तोंडाकडे.

आमचं काम थोडक्यात सांगते. आमच्या भागात डोंगरउताराच्या पडीक जमिनी पुष्कळ. मालक मोठे असतात, पण जमीन नुसती काट्यांनी भरलेली. त्या मालकांना जाऊन सांगायचं, की बाबांनो, रानातलं निकामी लाकूड, म्हणजे मुख्यतः ती कुठंही माजणारी काटेरी येडी बाभळ, बांधावर पेटवून राख करू नका. त्याचा कोळसा करा, शेणकाल्यात मुरवा, मातीत घाला. माती ओल धरून ठेवते, खत वाहून जात नाही. कागदावर याला बायोचार म्हणायचे. ते कधीच म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, शेताचा कोळसा.

ते मूळचे जंगल खात्यातले गार्ड. उभी नोकरी याच डोंगरात झालेली, निवृत्त होऊन काळ लोटलेला, तरी धर्मापुरीपासून इकडं सगळी गावं त्यांना गार्डसाहेबच म्हणायची. संस्थेनं त्यांना घेतलं ते लाकूड ओळखतात म्हणून. मला दिलं त्यांच्या जोडीला, कारण माझ्याकडे स्कूटी होती.

त्या स्कूटीवरून आमची वरात निघायची ती बघण्यासारखी. पुढं मी, नाकातोंडाला स्कार्फ बांधलेली, अर्धा उन्हासाठी आणि अर्धा कुणी ओळखू नये म्हणून. मागं गार्डसाहेब, मांडीवर कोळशाचं पोतं आणि डोक्यावर पालथं घमेलं. घमेलं हातात धरलं तर पोतं कसं धरू, असा त्यांचा बिनतोड सवाल. अंगात पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी. कोळशाच्या कामाला पांढरे कपडे! एकदा मी न राहवून म्हणाले, "साहेब, एखादा काळपट शर्ट घाला ना."

"कावून?" ते म्हणाले. "डाग लपवायला?"

त्यांचं शास्त्रच होतं ते. चोख भाजलेल्या कोळशाचा डाग नुसत्या पाण्यानं जातो, साबण लागत नाही. कच्च्या कोळशाचा चिकट डाग राहतो. म्हणून प्रत्येक गावात खड्डा झाला की ते कोळसा स्वतःच्या सदऱ्यावर खसाखसा चोळायचे आणि फुलपात्रभर पाण्यात धुऊन दाखवायचे. डाग गेला तर पोरासारखे टाळी वाजवायचे. नाही गेला तर मान खाली घालून म्हणायचे, "लाज वाटली पायजे मला." फसलेल्या खड्ड्यांचे डाग सदऱ्यावर तसेच राहायचे. सदरा बदलायचे नाहीत. लोकांना दिसू द्या म्हणायचे, आपलं काय काय चुकलंय ते.

'लाज वाटली पायजे' हा त्यांचा अखंड जप होता. रोपटं खाणाऱ्या शेळीला, गळणाऱ्या नळाला, बशीतला चहा सांडला तर स्वतःच्या हाताला. मला तर दिवसातून दहादा, कारण मी स्कूटी झाडाखाली लावताना फांदीला धक्का द्यायचे. पण दुसऱ्याला म्हणताना आवाजात चेष्टा असायची, स्वतःला म्हणताना नसायची. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

लोकांना शिकवायची त्यांची तऱ्हा मात्र अशी, की मी प्रत्येक वेळी जमीन दुभंगावी म्हणून धावा करायचे. एका गावात मारुतीच्या देवळापुढं बैठक होती. एक म्हातारे शेतकरी उठून म्हणाले, "गार्डसायेब, कोळसा रानात टाकायचा म्हनता. रानाचा मसनवटा करायचाय का आमच्या?"

मी पुढं होऊन काहीतरी गोड उत्तर देणार, तेवढ्यात हे म्हणाले, "मसनवट्यात गवत कसं वाढतंय बघितलंय का कधी, आबा? लई वाढतंय. कावून वाढतंय?"

झालं! देवळापुढं, शनिवारच्या दिवशी. बायका तोंडाला पदर लावून उठून गेल्या. आबांनी मात्र पुढच्या आठवड्यात खड्डा खणायला स्वतः फोन केला, ही गोष्ट वेगळी.

खड्ड्याची रीतही उफराटी. आपल्याकडे चूल असो, शेकोटी असो, आग खालून लावायची. यांचं म्हणणं, वरून लावा. लाकडाचा थर, त्याच्या डोक्यावर काडी. "जाळानं वर झाकन धरलं पायजे. धूर निघाला म्हंजी तुमी चुकलाव." लाकडावर राखेची पांढरी साय दिसायला लागली की वर दुसरा थर. मग तिसरा. शेवटी पाणी ओतायचं नाही, कारण उन्हाळ्यात आमच्याकडे गावाला टँकरची वाट बघायची वेळ येते, आणि कोळशासाठी पाणी ओतलं तर बायका आम्हालाच खड्ड्यात घालतील. मातीनं दडपायचं, दुसऱ्या दिवशी काढून शेणकाल्यात बुडवायचं.

इथं त्यांचं आवडतं भाषण यायचं. "उपाशी कोळसा रानात सोडू नका. उपाशी पावना पंगतीला आला की यजमानाच्या ताटातलं बी वढून खातो. पंधरवडाभर शेनात मुरवा, त्येचं पोट भरा, मग रानात न्या." कुणी घाई करून कोरडाच कोळसा टाकला आणि कपाशी पिवळी पडली, की ते त्या शेतात जाऊन पिवळ्या रोपांपुढं उभे राहायचे आणि मालकाऐवजी स्वतःच खजील व्हायचे. मालक म्हणायचा, जाऊ द्या साहेब, माझंच चुकलं. हे म्हणायचे, "न्हाई. सांगनाराचं चुकतं." मला राग यायचा. चूक त्याची, आणि मान तुमची खाली?

आता त्या गावाचं सांगते. धर्मापुरीच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत. तिथले मोठे जमीनदार म्हणजे नाना. पंचायत समितीत त्यांचा शब्द चालायचा, दारात सदा दोन-चार मोटारसायकली उभ्या. बोलायला साखर. आमच्या सगळ्या शिष्यांमध्ये नाना एक नंबर. एकदा दाखवलं की आलं. मी संस्थेला पाठवलेल्या फोटोंमध्ये निम्मे नानांच्या खड्ड्यांचे असायचे. खड्डा कसा गोल, थर कसे सरळ. खड्ड्यात काय जळतंय हे फोटोत कुठं दिसतं? मी विचारलंही नाही. रानातलं लाकूड म्हणजे येडी बाभळ, हे मी धरूनच चालले होते.

या गावाला जाताना गार्डसाहेब वेशीच्या आधीच "थांबवा" म्हणायचे, उतरायचे, पोतं माझ्या पायाशी ठेवायचे आणि उपरणं डोक्यावरून तोंडापर्यंत ओढून ओढ्याच्या अंगानं गावामागून नानांच्या शेतावर चालत यायचे. मी एकटी गावातून. लोक विचारायचे, गार्डसायेब न्हाई आले का? काय सांगणार, नव्या नवरीसारखे घुंगट घेऊन मागच्या दारानं येतायत म्हणून?

एक दिवस माझं डोकं फिरलं. मी स्कूटी तिथंच लावली आणि त्यांच्या मागोमाग ओढ्यात उतरले. ओढ्याच्या काठाला धावड्याची जुनी झाडं होती. नानांचीच जमीन. पांढऱ्या गुळगुळीत खोडांची, दोघांच्या कवेत न मावणारी. एवढं रान तापलेलं, पण खाली सावली थंडगार. मी म्हणाले, "साहेब, आज सांगा. कुणाचं देणं लागता का या गावात?"

ते एका खडकावर बसले. घमेलं डोक्यावरून काढलं.

"हितं शिदू म्हनून एक मानूस हाय," ते म्हणाले. "नोकरीत असताना म्या त्येला धरलं व्हतं. सरकारी जंगलातली मोळी व्हती डोक्यावर. लेकीची हळद व्हती त्येच्या घरी, सैपाकाला लाकूड नव्हतं. हात जोडले त्येनं. म्हनला, सायेब, उद्या काय बी शिक्षा द्या, आज सोडा. मी तवा लई कडक व्हतो, म्याडम. कडक म्हनून नाव व्हतं माझं. चावडीपुढं आनला आन उठाबशा काढायला लावल्या. व्याही बघायलते. नवरदेवाकडचं अख्खं वऱ्हाड बघायलतं. वर आनि म्हनलो, नीट वाक बे, गुडघे जुळव."

मी तोंडावरचा स्कार्फ सोडला.

"तवापासून तो माझ्याशी बोलला न्हाई. शिवी दिली असती तर बरं झालं असतं." त्यांनी एक काटकी उचलली आणि मोडली. "आन मोळी कशाची व्हती सांगू? येड्या बाभळीची. जी तोडा म्हनून आता मीच लोकांच्या पाया पडत फिरतोय."

मला हसू येईल असं वाटलं आणि आलं नाही. मी विचारलं, "मग माफी मागा ना जाऊन."

"गेल्तो. दोनदा गेल्तो. तोंड उघडलं की लाज वाटती. दारातून माघारी येतो."

त्या दिवसानंतर मी त्यांना वेशीवर गुपचूप उतरवायला लागले. शिदू तात्यांनाही मी पुढं ओळखायला लागले. वयानं वाकलेले, काटक, शेळ्या राखायचे. लेकसुना दर साली कोयता घेऊन कारखान्याला, आणि हे नानांच्या डोंगराला शेळ्या घेऊन. माझ्याशी नीट बोलायचे. स्कूटीवरच्या पोत्याकडे बघून एकदाच म्हणाले, "तुमच्या गार्डला सांगा, त्यो ओढ्यानं येतो ते मला दिसतंय. शेळ्या तिथंच चारतो मी." मी हे गार्डसाहेबांना सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार!

मग आली ती सभा. कारखाने बंद होऊन तोडीवरची माणसं परतली होती. संस्थेला मदत करणारे पाहुणे पुण्याहून येणार होते, काम बघून पुढचं ठरवणार होते. ते खूश झाले तर आमचं काम आणखी तालुक्यांत जाणार, नाहीतर बंद. नानांनी शेतात मांडव घातला, आसपासच्या गावांतले जमीनदार बोलावले. गाडीतून माणसं आली, उमापूरकडचेसुद्धा दोघं-तिघं आले होते. गार्डसाहेबांना मी आदल्या दिवशी बजावून ठेवलं होतं. दात घासून या. घमेलं आणू नका. आणि हात जोडते, कोळसा खाऊ नका.

दात घासून आले बिचारे. पांढरे नव्हते झाले, पण राखाडी झाले होते.

सभा सुरू व्हायच्या आधी मांडवात जी कुजबुज चालली होती ती माझ्या कानावर पडत होती. जमीनदार नानांभोवती जमले होते. मातीचं कुणी विचारत नव्हतं. विचारत होते, धाब्यावाला तंदूरसाठी माल जागेवरून उचलतो का? जड कोळसाच मागतो का? माझ्या बांधाला पन जुनी झाडं हायत, चालतील का? मला ऐकू येत होतं, आणि समजत होतं, आणि मी खुर्च्या लावत होते.

नानांनी पितळेच्या तबकात हळदकुंकू वाहिलेला कोळशाचा एक मोठा तुकडा गार्डसाहेबांपुढं धरला. "सायेब, गुरुदक्षिना," ते म्हणाले. पाहुण्यांनी मोबाईल काढले.

गार्डसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनं नाही नाही केलं. त्यांनी तुकडा हातात तोलला, आणि त्यांचा चेहराच बदलला. मग त्यांनी तो दाढेखाली धरला. पहिल्यांदा फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला. पाहुण्यांतल्या एक बाई खुदकन हसल्या.

"नाना," ते अगदी हळू म्हणाले, "येडी बाभळ दाताखाली कुरकुर करती. ह्यो दातालाच दम द्यायलाय. धावडा हाय ह्यो."

"असंल की एखादं वाळकं खोड," नाना हसत म्हणाले.

"मेल्या झाडाला आतून किडीची भोकं असत्यात. हे भरीव हाय. जितं तोडलंय."

नानांचं हसू गेलं, पण आवाज चढला नाही. "आता तुमच्यापासून काय लपवायचं, सायेब. येडी बाभळ तोडायला मानूस मिळत न्हाई, काट्यानं हात फाटतात. आन धाब्यावाल्याला ती नको. वरच्या कड्यावरची झाडं माझ्याच मालकीची हायत. तुमीच म्हनलाव ना, रानातल्या लाकडाचा कोळसा करा? मी तर तुमचं ऐकलं."

खरंच होतं ते. हे वाक्य माझ्या हातानं छापलेल्या पत्रकावर होतं, मोठ्या अक्षरांत: रानातील लाकडापासून कोळसा. गार्डसाहेब तोंडातला कोळसा थुंकले नाहीत. त्यांनी तो चावून चावून गिळला. माझ्या समोर, पाण्याशिवाय.

तेवढ्यात संस्थेच्या सरांनी माईकवर त्यांचं नाव पुकारलं, मार्गदर्शनासाठी. सगळा मांडव समोर. ते जर म्हणाले असते, नानांसारखं करा, तर ती माणसं घरी जाऊन कुऱ्हाडीला धार लावणार होती. ओढ्याकाठचे ते धावडेसुद्धा जाणार होते. नानांच्या माणसांनी त्यांच्या बुंध्यांवर कुऱ्हाडीच्या खुणा करून ठेवल्या होत्या, हे मला नंतर कळलं, गार्डसाहेबांना ओढ्यानं येताना दिसलं होतं. आणि ते जर म्हणाले असते, नानांनी वाईट केलं, तर नानांची त्यांच्याच दारात बेअब्रू, पाहुणे परत आणि आमचं काम बंद.

ते माईकपाशी गेले आणि माईक बाजूला सारला.

"नानांची चूक न्हाई," ते म्हणाले. "खड्डा कसा पेटवायचा ते म्या शिकवलं. कशाला हात लावायचा न्हाई, ते सांगायचं ऱ्हायलं. जे सांगायचं तेच ऱ्हायलं. नोकरीत असताना मोळी धरली की मी लोकांना उठाबशा काढायला लावायचो. काट्याच्या मोळीला! आन आज माझ्या शिकवन्यानं धावडे पडलेत." त्यांनी मांडवावरून नजर फिरवली. "किती पडले हो?"

नाना जमिनीकडे बघत होते. मग मांडवाच्या पार मागून, जिथं उन्हात माणसं उभी होती तिथून, आवाज आला.

"नऊ."

शिदू तात्या होते.

गार्डसाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. दोन्ही हातांनी कान धरले. आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस, डाग पडलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, भर मांडवात खाली बसला आणि उठला.

आधी लोक हसले. हसणारच. मी पुढं धावले आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "साहेब, नका ना, साहेब." त्यांच्या गुडघ्यांसाठी नाही म्हणाले. पाहुण्यांसाठी म्हणाले. हे माझं मला माहीत आहे.

दुसऱ्यांदा बसताना त्यांचा तोल गेला, अर्धेच वाकले. हसणं थांबलं. मांडवातून वाट काढत शिदू तात्या काठी टेकत पुढं आले आणि त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते गार्डसाहेबांशी पहिल्यांदा बोलत होते.

"नीट वाका," ते म्हणाले. "गुडघे जुळवून."

इतक्या वर्षांनी हे शब्द ओळखणारी सगळ्या मांडवात तीनच माणसं असावीत, आणि मला वाटलं, मी ओढ्यात त्यांच्या मागं गेले नसते तर किती बरं झालं असतं. गार्डसाहेबांनी गुडघे जुळवले. नीट वाकले. शिदू तात्या मोजत होते, मोठ्यानं नाही, पुटपुटत, शेळ्या मोजतात तसं. नाना उठून म्हणाले, "सायेब, बास करा आता, पावने बघायलेत." शिदू तात्यांनी नानांकडे बघितलंसुद्धा नाही. नाना उभेच राहिले. खाली बसायचं त्यांना सुचलं नाही.

आठव्या खेपेला ते वर आले तेव्हा पाय लटलट कापत होते. नवव्या खेपेला खाली गेले आणि वर आलेच नाहीत. जमिनीवर बसले, कान तसेच धरलेले. उठायला बघत होते, उठता येत नव्हतं. "लाज वाटली पायजे मला," ते स्वतःशी म्हणत होते. त्यात चेष्टा नव्हती.

शिदू तात्यांनी काठी खाली टाकली, वाकून त्यांचे दोन्ही हात कानांवरून सोडवले आणि बगलेत हात घालून त्यांना खुर्चीवर बसवलं. मग बाजूचा तांब्या उचलून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"एक ऱ्हायली," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. पुन्ना कवा."

सभा संपली. म्हणजे कुणी संपवली नाही, माणसं आपापली उठून गेली. जेवण तयार होतं, निम्मं तसंच उरलं. पाहुणे लगेच गाडीत बसून निघाले, आणि महिन्याभरात त्या भागातलं काम बंद झाल्याचा निरोप आला. संस्थेच्या सरांचं म्हणणं, गार्डसाहेबांनी तमाशा केला. मी तेव्हा बैठकीत गप्प बसले.

नानांनी ओढ्याकडच्या झाडांना कुऱ्हाड लावली नाही. पश्चात्ताप झाला म्हणा, नाहीतर गावात तोंड दाखवायचं होतं म्हणून म्हणा. त्या मांडवातले किती जण घरी जाऊन थांबले आणि किती जणांनी झाडं पाडलीच, मला माहीत नाही. दोघांचे फोन आले होते, येड्या बाभळीचा खड्डा कसा करायचा ते पुन्हा सांगा म्हणून. दोघं. मी त्यांच्याकडे एकटी गेले, स्कूटीवर मागं पोतं बांधून.

गार्डसाहेबांचे गुडघे त्या दिवसापासून गेले ते गेलेच. लेकीनं त्यांना लातूरला नेलं. अधूनमधून फोन करायचे. कपाशी कशी आहे, शेणकाला किती दिवस ठेवला, सगळं विचारायचे, आणि शेवटी न चुकता, "शिदूबाला सांगा, माझी एक ऱ्हायलीया. पाय बरा झाला की येतो." मी हो म्हणायचे. सांगायला काही गेले नाही. त्या गावात जायला मला लाज वाटायची. आता त्यांची नाही, आमची.

या उन्हाळ्यात ते गेले. निरोप लेकीनं दिला. शेवटी गोळ्याऔषधांबरोबर त्यांच्या उशाशी कोळशाचा एक तुकडा असायचा म्हणाली, हसत-रडत.

मग मात्र मी त्या गावात गेले. स्कूटी वेशीवरच लावली आणि उपरणं नव्हतं तर ओढणी डोक्यावरून घेऊन ओढ्याच्या अंगानं चालत गेले. धावडे उभे होते. बुंध्यांवरच्या कुऱ्हाडीच्या खुणा भरून येत होत्या, कडेनं डिंक सुटून वाळला होता. शिदू तात्या त्याच खडकावर बसले होते, शेळ्या सावलीत.

मी सांगितलं. त्यांनी काठी खडकाला टेकवली. मग म्हणाले, "त्येंची एक ऱ्हायली."

मी पायातल्या चपला बाजूला काढल्या. मला काय होतंय ते मला कळत नव्हतं, आणि कुणी बघतंय का म्हणून मी आधी इकडंतिकडं बघितलं, हेही सांगते. कुणी नव्हतं. मी दोन्ही हातांनी कान धरले आणि खाली वाकले. सवय नाही, अर्धीच वाकले.

शिदू तात्या खडकावरून उठले आणि माझ्यापुढं येऊन उभे राहिले. डोळे भरले होते त्यांचे, पण आवाज तसाच.

"नीट वाका, बाई," ते म्हणाले. "गुडघे जुळवून."

मी नीट वाकले.